तुळईच्या पोटांतील पंचांग

सन १८७९ च्या १३ मे रोजीं बुधवार पेठेंतील पेशवाईचा बुधवारवाडा आगींत जळाला. विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजूही त्याच वेळीं भस्मसात झाली, आणि मागाहून लोकांच्या वर्गणींतून ती पुन्हां उभी राहिली. तेव्हां आज त्या वाड्यांत मान वर करून पाहणाऱ्यास सहजच प्रश्न पडावा : ही तुळई १८०७ च्या मूळ बांधणींतली, कीं आगीनंतरची? दप्तरांत खर्चाचे आंकडे सांपडतात. एकेका तुळईची जन्मपत्रिका सांपडत नाहीं.

ती पत्रिका तुळईच्याच पोटांत असते. साग पानझडीचा वृक्ष. त्याची वाढ उन्हाळ्यांत थांबते व पावसाबरोबर पुन्हां सुरू होते, म्हणून वर्षाला बहुधा एक वलय पडतें. पाऊस भरपूर तर तें रुंद, अवर्षण असेल तर अरुंद. मात्र नुसतीं वलयें मोजून काल निघत नाहीं. रुंद-अरुंद वलयांचा लांबलचक क्रम, काल ठाऊक असलेल्या झाडांच्या क्रमाशीं जुळवावा लागतो. अमेरिकेंत डग्लस नांवाच्या ज्योतिर्विदानें १९२९ सालीं एका जळक्या तुळईवरूनच आरिझोनाकडील प्राचीन वस्त्यांचे काल निश्चित केले. कोळसा झाला तरी वलयें राहतात! जावा बेटांतील सागाचा १५१४ पासूनचा क्रम बर्लागे यांनीं १९३१ मध्यें प्रसिद्ध केला. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील शास्त्रज्ञांनीं केरळांतील सागावरून १४८१ ते २००३ असा ५२३ वर्षांचा क्रम लावला आहे.

विश्रामबागेच्या तुळईंत १८७६ च्या दुष्काळाचें वलय योग्य जागीं जुळलें, तर ती बाजीरावाच्या वेळची नव्हे, हें उघड आहे. क्रम सह्याद्रीच्या सागाशीं न जुळतां ब्रह्मदेशच्या सागाशीं जुळला, तर लांकूड कोठून आलें हेंही कळेल.

पण सुतारानें बाहेरचें कच्चें लांकूड तासून टाकलेलें असतें, त्याबरोबर शेवटचीं वलयेंही गेलेलीं असतात. शिवाय वलयें सांगतात तें झाड तोडल्याचें वर्ष, वाडा बांधल्याचें नव्हे. जुन्या वाड्याच्या तुळया नव्यास लावण्याची काटकसर पुण्याला नवी नाहीं.

आतां वाडे उतरतात आणि तुळया थेट करवतीखालीं जातात. तत्पूर्वीं टोकाची चार बोटें जाडीची चकती कापून ठेवली तरी पुरे. मात्र ती कोणत्या चौकांतील, कोणत्या खणांतील, हें तिच्यावर लिहिलेलें असावें.