24 तासांत ढाली उतरवा!

व्हॅलेटा, माल्टा. 13 जून 1798. सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्या सरदारांच्या संघाने कालच बेट नेपोलियनच्या हवाली केलं आणि आज फर्मान निघालंय: 24 तासांत सगळी कुळचिन्हं उतरवा. तुम्ही पाथरवट. हुकूम कुणाचाही असो, शिडी तुम्हालाच चढायची.

दगडाची काळजी नाही. इथला पिवळसर चुनखडक मऊ, छिन्नी लागताच भुगा झडतो. अडचण संख्येची आहे. 1530 पासून संघ इथे नांदला. वेस, बुरूज, कारंजं, जे बांधलं त्यावर त्या वेळच्या ग्रँड मास्टरने, म्हणजे संघप्रमुखाने, आपल्या कुळचिन्हाची ढाल कोरून घेतली.

वर गेलात की नीट बघा. ढालीची चार घरं. वर डावीकडे आणि खाली उजवीकडे साधा क्रूस, तांबड्यावर पांढरा, तो संघाचा. (प्रसिद्ध आठ टोकांचा क्रूस सरदारांच्या झग्यावर असतो.) उरलेल्या दोन घरांत त्या माणसाच्या घराण्याचं चिन्ह. ब्रह्मचर्याची शपथ घेतली, पण घराणं सुटलं नाही. सुटेल कसं? कुलीनतेचे पुरावे दिल्याशिवाय संघात सरदार होताच येत नसे. जर्मन उमेदवाराचे तर चार पिढ्यांमागचे 16 च्या 16 पूर्वज तपासत. सोयरीक जमवतानाही कुणी इतकं उकरत नाही!

काही ढालींवर बोट फिरवलंत तर रंगही कळेल. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरा भाग रुपेरी.

कॅस्टिलच्या सरदारांच्या वाड्यावरून जाताना मान वर करा. दारावर पोर्तुगीज ग्रँड मास्टर पिंटोचा अर्धपुतळा. हो, गोव्यात घरोघरी ऐकू येणारं तेच आडनाव. त्याच्या चिन्हात पाच तांबड्या चंद्रकोरी. तुर्कांशी लढण्यात हयात घालवणाऱ्या संघाचा प्रमुख चंद्रकोर मिरवतो आणि कुणाला खटकत नाही, कारण ती त्याच्या वाडवडिलांची.

सेंट जॉनच्या चर्चमध्ये तर पायाखालीच ढाली आहेत. रंगीत संगमरवरात जडवलेली सुमारे 400 थडगी, सापळे आणि मुकुटांसकट. या फरशीला छिन्नी लागणार नाही.

पण शहराबाहेर जलवाहिनीची कमान आहे, ग्रँड मास्टर विन्याकूरची; पाणी 1615 साली शहरात पोचलं. तिच्या ढालीवर लिलीची तीन फुलं. फ्रेंच शिपायाला लिली दिसली की गिलोटिनखाली गेलेला राजा आठवतो.

"आधी ती फोड!"

राजाची लिली निळ्यावर सोनेरी, ही रुपेरीवर तांबडी. पिकार्दीतल्या एका सरदार घराण्याची. पण उन्हात सगळा दगड पिवळाच दिसतो, आणि समजावून सांगण्याइतकं फ्रेंच तुम्हाला येत नाही. मारा हातोडा.