जानकी अम्मल, एडवलेत कक्कट

(४ नोव्हेंबर १८९७ – ७ फेब्रुवारी १९८४). भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ. पेशीतील गुणसूत्रे मोजून, त्यांची ठेवण पाहून वनस्पतींची नाती आणि मूळस्थाने शोधणाऱ्या पेशी-आनुवंशिकी या शाखेतील भारतातल्या आद्य संशोधकांपैकी एक. ऊस, वांगी, मॅग्नोलिया, रोडोडेंड्रॉन आणि अनेक औषधी वनस्पतींवर त्यांनी काम केले.

त्यांचा जन्म मलबारमधील तेल्लिचेरी (सध्याचे तलश्शेरी, केरळ) येथे झाला. वडील दिवाणबहादूर ई. के. कृष्णन हे न्यायखात्यात होते. घरची बाग आणि भोवतालचे पक्षी हा वडिलांचा छंद. आईचे वडील जॉन चाइल्ड हॅनिंग्टन हे त्रावणकोरचे ब्रिटिश रेसिडेंट होते. कुटुंब तिय्या समाजाचे. मलबारच्या तेव्हाच्या जातिव्यवस्थेत या समाजाचे स्थान खालचे मानले जाई आणि घरच्या सुस्थितीने ते पुरते पुसले गेले नाही. तेल्लिचेरीच्या शाळेनंतर मद्रासच्या क्वीन मेरीज आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयांत शिकून १९२१ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रात ऑनर्स पदवी घेतली. विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात काही काळ शिकवले. पुढे आशियाई स्त्रियांसाठी असलेली बार्बर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये त्यांनी डी.एस्सी. मिळवली. त्या काळी भारतीय स्त्रीने वनस्पतिशास्त्रात एवढी मजल मारणे अपवादात्मकच होते. त्या अविवाहित राहिल्या.

परतल्यावर त्रिवेंद्रमला दोनेक वर्षे प्राध्यापकी करून १९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात रुजू झाल्या. ‘भारतीय उसाला गोडी देणारी शास्त्रज्ञ’ ही त्यांची लोकप्रिय ओळख या पर्वावरून पडली आहे. मात्र ही ओळख जपून वापरावी लागते. मळ्यात लावला जाणारा जाड, रसाळ ऊस (सॅकरम ऑफिसिनॅरम) रोगांना आणि उत्तरेकडच्या थंडीला लवकर बळी पडे; दख्खनचा जुना पुंड्या ऊस याच जातीचा. याउलट नदीकाठी रानोमाळ वाढणारे कांस गवत (सॅकरम स्पॉन्टेनियम) काटक, पण त्याला गोडी बेताची. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी कोइमतूरला १९१२ मध्येच या दोघांचा संकर घडवला आणि त्यातून ‘को २०५’ हे वाण निघाले. तेव्हा जानकी अम्मल मद्रासला पोहोचल्याही नव्हत्या. महाराष्ट्रातील ऊसकऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘को ४१९’, ‘को ७४०’, ‘को ८६०३२’ या नावांतला ‘को’ कोइमतूरचाच. पण या वाणांचे श्रेय एकट्या जानकी अम्मल यांना देणे म्हणजे त्या केंद्रातील पैदासकारांवर अन्याय आहे, आणि स्वतः त्यांच्यावरही. कारण त्यामुळे त्यांचे खरे काम झाकले जाते.

ते काम पेशीच्या पातळीवरचे होते. बहुतेक प्राण्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. वनस्पतींत मात्र हे संच कित्येकदा चार, सहा, आठ असे वाढलेले आढळतात. याला बहुगुणिता म्हणतात. ऊस हे त्याचे अत्यंत गुंतागुंतीचे उदाहरण. जाड उसात सर्वसाधारणपणे ८० गुणसूत्रे, तर कांस गवतात प्रदेशागणिक ४० पासून १२८ पर्यंत. संकर करताना कोणत्या रोपाला कोणाकडून किती गुणसूत्रे आली हे कळल्याशिवाय पैदाशीचे काम अंदाजानेच चालते. जानकी अम्मल यांनी ही मोजणी केली, कांस गवताच्या निरनिराळ्या प्रादेशिक रूपांचा अभ्यास केला आणि त्याचे मूळ भारतात असल्याच्या मताला आधार दिला. उसाचा दूरच्या गवतांशीही त्यांनी संकर केला. ऊस आणि मका यांच्या संकरावरील त्यांची टिपणी १९३८ मध्ये ‘नेचर’मध्ये आली. त्या संकरातून शेतकऱ्याच्या हाती काही पडले नाही, तरी दोन भिन्न प्रजातींमधली कुंपणे कुठवर ओलांडता येतात याचा तो धाडसी पडताळा होता. भारतीय विज्ञान अकादमीने स्थापनेनंतर लगेचच, १९३५ मध्ये, त्यांना सदस्यत्व दिले. केंद्रात मात्र त्यांची कोंडी होत होती. पुरुष सहकाऱ्यांत एकटी, अविवाहित आणि जातीने ‘खालची’ ठरवलेली स्त्री ही त्यांची अवस्था त्यांच्यावर लिहिणाऱ्या इतिहासकारांनी नोंदवली आहे.

ऑगस्ट १९३९ मध्ये एडिंबरोला आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद भरली असतानाच महायुद्धाचे ढग फुटले. परिषदेला गेलेल्या जानकी अम्मल इंग्लंडमध्येच राहिल्या आणि १९४० पासून लंडनजवळ मर्टन येथील जॉन इनेस संस्थेत काम करू लागल्या. रात्री बाँब पडत, सकाळी त्या काचांचे तुकडे झाडून सूक्ष्मदर्शकाकडे वळत, असे घरचे लोक सांगत. तेथे सिरिल डार्लिंग्टन या नामांकित पेशीशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी ‘क्रोमोसोम अ‍ॅटलस ऑफ कल्टिव्हेटेड प्लांट्स’ (१९४५) सिद्ध केला. जगभरच्या लागवडीखालील वनस्पतींची गुणसूत्रसंख्या एकत्र मांडणारा हा ग्रंथ पैदासकारांच्या रोजच्या वापरातला झाला. वाचायला रूक्ष, आकड्यांनी भरलेला. पण जानकी अम्मल यांचे नाव ज्यासाठी घ्यावे असे एकच काम निवडायचे तर प्रस्तुत लेखकाच्या मते ते हेच. गुणसूत्रसंख्या आणि भूगोल शेजारी शेजारी ठेवले की पिकांचा इतिहास उलगडतो, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या संशोधनाचा धागा इथे पक्का झाला.

१९४५ ते १९५१ या काळात त्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विस्ली येथील उद्यानात पेशीशास्त्रज्ञ होत्या. तेथे त्यांनी कोल्चिसीनचे प्रयोग केले. हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीतही असते. पेशी विभागताना दुप्पट झालेली गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे तंतू ते बनू देत नाही. पेशी दुभंगत नाही आणि सगळी गुणसूत्रे तिच्यातच राहतात. अशा रोपांची पाने जाड व फुले मोठी होऊ शकतात. शिवाय जोडीदार गुणसूत्र नसल्याने वांझ राहिलेला संकर पुन्हा बीजधारणा करू शकतो. विस्लीतल्या मॅग्नोलियाच्या एका पांढऱ्या फुलांच्या प्रकाराला त्यांचे नाव आहे.

जवाहरलाल नेहरूंच्या आमंत्रणावरून त्या १९५१ मध्ये मायदेशी आल्या. मरगळलेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेचे काम त्यांच्याकडे विशेष अधिकारी म्हणून सोपवण्यात आले. इंग्रजी अमदानीत गोळा झालेले भारतीय वनस्पतींचे नमुने लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात पडून होते; भारताची वनसंपदा भारतीयांनी, भारतात बसून अभ्यासावी असा त्यांचा आग्रह होता. मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पदावर मात्र मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील, मूळच्या स्पॅनिश आणि क्यूमध्ये काम केलेल्या फादर सांतापाऊ यांची नेमणूक झाली. क्यूची सरशी झाली आणि आपण हरलो, अशी खंत त्यांनी डार्लिंग्टन यांना पत्राने कळवली. सांतापाऊ हे पश्चिम घाटातील, खंडाळ्याच्या परिसरातील वनस्पतींचे मोठे जाणकार होते. त्यामुळे या प्रसंगाकडे केवळ परकीयाची निवड म्हणून पाहणे एकांगी ठरेल. तरी जानकी अम्मल यांचा मूळ आक्षेप फोल नव्हता.

१९५५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे माणसाने पृथ्वीवर घडवलेल्या बदलांविषयी एक गाजलेली परिषद झाली. बोलावलेल्या अभ्यासकांत त्या एकट्या स्त्री होत्या. त्यांनी भारतातील निर्वाहशेतीवर निबंध मांडला आणि आदिवासींच्या वनस्पतिज्ञानाकडे लक्ष वेधले. अन्नधान्य वाढवण्याच्या मोहिमेत जंगले उघडी पडत आहेत, हेही त्यांना बोचत होते.

नंतरच्या वर्षांत त्यांनी अलाहाबादची केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळा आणि जम्मूची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा येथे काम केले. थोडा काळ त्या मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. हिमालयाच्या थंड, दमट ईशान्य भागात थंड, कोरड्या वायव्य भागापेक्षा वनस्पतींच्या नव्या जाती अधिक वेगाने का निर्माण झाल्या, याची संगती त्यांनी बहुगुणितेशी लावली. ईशान्येत चीन व मलायाकडील वनस्पती भारतीय वनस्पतींना भेटतात आणि त्यांचे नैसर्गिक संकर होतात, हेही कारण त्यांनी दिले.

१९७० पासून त्या मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्राशी संलग्न होत्या आणि मदुरवायल येथील क्षेत्र-प्रयोगशाळेत काम करीत. केरळच्या सायलेंट व्हॅलीत जलविद्युत प्रकल्पासाठी सदाहरित जंगल बुडणार असे दिसताच ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या या बाई विरोधात उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तिथल्या झाडांची गुणसूत्रे मोजायचे योजले. प्रकल्प १९८३ मध्ये रद्द झाला. पुढच्या वर्षी या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तोवर त्यांचे निधन झाले होते.

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व (१९५७) आणि पद्मश्री (१९७७) हे त्यांचे प्रमुख सन्मान. वनस्पती व प्राणी यांच्या वर्गीकरणशास्त्रासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देत असलेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे. जम्मूच्या प्रयोगशाळेतील वनस्पतिसंग्रहही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.