कानाडोळ्याचं शहर : ॲमस्टरडॅममधले दोन दिवस



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, मुलाकडे युरोपात चाललोय. मधे ॲमस्टरडॅमला दोन दिवस मिळतायत. काय काय बघू?" मी म्हटलं, याचं उत्तर सगळ्यांसमोरच देतो. कारण दोन दिवसांत कुठलंही शहर बघून होत नाही. एक प्रश्न हाताशी धरून हिंडलात, तर मात्र दोन दिवस पुरतात. आपला प्रश्न असा: सहिष्णू शहर म्हणून ज्याचा जगभर लौकिक झाला, त्या ॲमस्टरडॅमनं नेमकं काय सहन केलं? आणि कुठवर?

पहिला दिवस. सकाळी तासाभराची बोट घ्या, जास्त नको. 1613पासून या शहरानं जुन्या गावठाणाभोवती अर्धवर्तुळाकार कालवे खणायला घेतले. व्यापार वाढत होता, माणसं लोटत होती. 2010मध्ये युनेस्कोनं हा सगळा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. बोटीतून काठावरची घरं नीट बघा. तोंड अरुंद, खोली भरपूर. वर टोकाला एक तुळई बाहेर आलेली असते, तिला दोर बांधून माल थेट माळ्यावर चढवायचा. बऱ्याच घरांना मागे आणखी एक घर जोडलेलं असतं, ते रस्त्यावरून दिसतच नाही. हे 'मागचं घर' लक्षात ठेवा. उद्या दुपारी आपल्याला तिथंच जायचंय.

दुपारी जुन्या वस्तीतल्या एका घरात शिरा. त्याचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'माळ्यावरचा आपला प्रभू'. आता ते संग्रहालय आहे. जिने उभे आहेत, गुडघ्यांना विचारून चढा. वर पोचलात की एकदम समोर अख्खं चर्च! वेदी आहे, सज्जे आहेत, दीडशे माणसं मावतील एवढी जागा आहे. यान हार्टमन नावाच्या मूळच्या जर्मन कॅथलिक व्यापाऱ्यानं 1661 ते 1663 या काळात तीन घरांचे माळे जोडून ते बांधलं.

माळ्यावर का? 1578मध्ये शहराची सत्ता प्रॉटेस्टंटांकडे गेली आणि कॅथलिकांच्या जाहीर उपासनेवर बंदी आली. पण 1579च्या उट्रेख्तच्या करारानं असंही ठरवलं होतं, की धर्मासाठी कुणाच्या मागे चौकशीचा ससेमिरा लावायचा नाही. या दोन्हींची बेरीज काय झाली? मनात काय मानायचं ते माना, रस्त्यावर आणू नका. आता दीडशे माणसं प्रार्थनेला एकाच घरात शिरतात आणि शहराच्या कारभाऱ्यांना पत्ता नाही, असं कधी होतं का हो? सगळ्यांना ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! डच भाषेत यासाठी खास क्रियापद आहे, 'खेडोखन'. म्हणजे कायद्यात बसत नसलेली गोष्ट जाणूनबुजून चालू देणं. आपला कानाडोळा. गांजा विकणारी तिथली 'कॉफी शॉप' आजही याच तत्त्वावर चालतात.

याला कमी लेखू नका. त्या काळात युरोपात इतरत्र धर्मावरून माणसं जाळली जात होती. कानाडोळ्यानं माणसं जगली. पण त्यात एक मेख आहे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

दुसऱ्या दिवशी वॉटरलूप्लेन चौकात जा. तो दिवस शनिवार नसेल असं बघा, कारण जवळचं पोर्तुगीज सिनेगॉग शब्बाथला पर्यटकांसाठी बंद असतं. 1675ची ही भव्य वास्तू आजही मेणबत्त्यांनी उजळते, आत विजेचे दिवे नाहीत. इथले ज्यू 'पोर्तुगीज' कसे? पोर्तुगालमध्ये 1497मध्ये ज्यूंचं सक्तीनं धर्मांतर झालं. पुढे इन्क्विझिशन आलं. मनातून ज्यू राहिलेल्यांच्या वंशजांपैकी अनेक जण ॲमस्टरडॅमला आले. हेच इन्क्विझिशन 1560मध्ये आपल्या गोव्यातही आलं. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहिला, भारतीय औषधींवर त्यानं 1563मध्ये ग्रंथ छापला, 1568मध्ये वारला. तो छुपा ज्यू होता असं ठरवून 1580मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. मेलेल्या माणसालाही सुटका नाही! अशा आगीतून निघालेल्यांना हे शहर केवढं वाटलं असेल.

त्यांच्याच एका घरात 1632मध्ये बारूख स्पिनोझा जन्मला. आणि 27 जुलै 1656 रोजी त्याच्याच समाजानं त्याला बहिष्कृत केलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. हे आजच्या सिनेगॉगमध्ये घडलं नाही बरं का, तेव्हा ते बांधलंच नव्हतं. जुनं सिनेगॉग एका कालव्याकाठी होतं. तो कालवा 1882मध्ये बुजवला, त्यावरच आजचा चौक आहे.

छळातून सुटून आलेल्यांनी आपल्याच मुलाला का हाकललं? शहरानं 1616मध्ये ज्यूंना अटी घातल्या होत्या. ख्रिस्ती धर्माविरुद्ध बोलायचं-लिहायचं नाही, कुणाला ज्यू करून घ्यायचं नाही, ख्रिस्ती स्त्रियांशी संबंध ठेवायचे नाहीत. म्हणजे राहा, पण आपली माणसं आवरा. बहिष्काराचं एक कारण ही धास्ती असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. हीच ती मेख. मेहेरबानीवर राहणाऱ्याला स्वतःच्याच घरात पहारेकरी व्हावं लागतं.

स्पिनोझानं 1670मध्ये याला उत्तर दिलं. विचार करण्याच्या स्वातंत्र्यानं राज्याची शांतता बिघडत नाही, उलट ते स्वातंत्र्य काढून घेतलं तर शांतताही जाते, असं त्याचं प्रतिपादन. आणि हा ग्रंथ निघाला कसा? लेखकाचं नाव नाही, प्रकाशनस्थळ खोटं, हॅम्बुर्ग. छापला ॲमस्टरडॅममध्येच! पुस्तकसुद्धा माळ्यावर लपलं म्हणायचं. 1674मध्ये त्यावर बंदी आलीच.

सिनेगॉगच्या शेजारीच एका गोदी कामगाराचा पुतळा आहे. फेब्रुवारी 1941मध्ये नाझींनी याच वस्तीतून चारशेहून अधिक ज्यू पुरुष उचलून नेले. 25 तारखेला ट्राम थांबल्या, गोदी थांबली, शहर संपावर गेलं. दोन दिवसांत संप चिरडला. शहराची दुसरी बाजूही सांगतो. त्याच वर्षी शहराच्याच सांख्यिकी खात्यानं एक नकाशा काढला. कुठल्या भागात किती ज्यू राहतात ते त्यात ठिपक्यांनी दाखवलं होतं, एक ठिपका म्हणजे दहा माणसं. जे शहर कानाडोळा करायचं, ते मोजायला बसलं. जवळच 2021मध्ये उभारलेलं नावांचं स्मारक आहे. विटांवर एक लाख दोन हजारांहून अधिक नावं. थोडा वेळ तिथं नुसतं उभं राहा.

मग अर्ध्या तासाची चाल, प्रिन्सेनख्राख्त 263. तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि बरेच दिवस आधी संपतं, म्हणून सहलीचं पहिलं काम तेच करा. हे ॲन फ्रँकचं 'मागचं घर'. 6 जुलै 1942 ते 4 ऑगस्ट 1944. पुस्तकांच्या कपाटामागे आठ माणसं लपली, परतला एकटा तिचा बाप. बांधणी हार्टमनच्या घरासारखीच. फरक एवढाच, की तो माळा गावाला ठाऊक असूनही सुरक्षित होता. इथं मात्र कुणाला कळलं की संपलं.

म्हणून मी म्हणतो, सहिष्णुता आणि स्वातंत्र्य एक नव्हेत. सहिष्णुता देणारा देतो, आणि देणारा बदलला की ती जाते. स्वातंत्र्य हक्काचं असतं, पण त्या हक्कासाठी शेजाऱ्यानं उभं राहावं लागतं. ॲमस्टरडॅममध्ये दोन्ही दिसतं, तेही पायी, दोन दिवसांत. परत आलात की मला एवढंच सांगा: आपल्या गल्लीत आपण कुणाकडे कानाडोळा करतो, आणि कुणासाठी उभे राहतो?