कोसा कोणाचा

बोदलकसा म्हटलं की नागपूर-गोंदियाच्या लोकांना तलाव आठवतो. हिवाळ्यात गाड्या येतात, पाखरं बघतात, फोटो काढतात आणि दिवस कलला की तिरोड्याच्या रस्त्याला लागतात. ह्या तलावाभोवतीच्या जंगलात येनाची झाडं आहेत, पुस्तकात ज्याला ऐन म्हणतात ती. येनाच्या पानावर पोसलेल्या अळीच्या कोशातून रेशीम निघतं. आम्ही त्याला कोसाच म्हणतो. टसर हा शब्द दुकानातला.

तुतीची अळी घरात, ताटात वाढते. कोशाची अळी तसली नव्हे. तिला झाडावरच सोडावं लागतं, पावसाळ्यात, उघड्यावर. मग महिना-सव्वा महिना तिची राखण. कावळा, मुंग्या, गांधीलमाश्या सगळ्यांना ती हवी असते. माणूस जंगलात झोपडी घालून राहतो, दिवसभर गुलेर घेऊन पाखरं हाकलतो. झाडाची पानं संपली की फांदी कापून अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. एक जोराचा पाऊस किंवा एक रोग आला की हंगाम गेला.

आमच्या झाडीपट्टीत हे काम धिवरांचं. उन्हाळ्यात तलावावर मासोळी आणि पावसाळ्यात जंगलात कोसा, असं त्यांचं वर्ष होतं. माझ्या लहानपणी आमच्याकडेही अशी घरं होती. आता हा धंदा मुख्यतः पवनी आणि आरमोरीकडे उरला आहे. राखणीला गेलेला माणूस त्या दिवसांत सोवळं पाळायचा. दाढी करायची नाही, मांसमच्छी नाही, बायकोनं डबा घेऊन गेलं तरी दुरूनच ठेवायचा. मासे मारणाऱ्या जातीनं महिनाभर मासोळी सोडायची म्हणजे काय, ते ज्यानं झाडीतला पावसाळा काढला त्यालाच कळेल.

कोश निघाले की ते राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळायचे आणि धागा काढायचा. तो काढायच्या बाया. उघड्या मांडीवर तळहातानं धागा वळायचा, दिवसातून शेकडो वेळा, त्याच जागेवर. आमच्या वस्तीतली एक म्हातारी धिवरीण होती, आम्ही तिला आजीच म्हणत असू. ती सांगायची, "पयल्या सालात कातडी निघते बाई, मंग घट्टे पडतात. घट्टे पडले का दुखत नाही." केंद्रीय रेशीम मंडळानं मांडीवरची ही कताई बंद व्हावी म्हणून अलीकडे 'बुनियाद' नावाचं यंत्र आणलं. चांगलं झालं. पण ते यायला एकविसाव्या शतकाची दुसरी दहा वर्षं उजाडली, आणि तोवर किती मांड्या सोलल्या गेल्या त्याची नोंद कुठल्या कचेरीत नाही.

पुढे हा धागा जातो मोहाडी तालुक्यात, आंधळगावासारख्या कोष्ट्यांच्या गावी. तिथं मागावर करवती साडी निघते. अंग कोशाचं, मातकट सोनेरी, काठ सुताचा, आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. काठाचा रंग अंगात मिसळू नये म्हणून तीन धोटे चालवावे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. प्रत्येक फेकीला धागा धाग्यात अडकवायचा. घाईचं हे काम नाही. ह्या साडीला सरकारचं भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

हस्तकलेच्या प्रदर्शनात किंवा संग्रहालयात अशी साडी टांगलेली असते तेव्हा खाली चिठ्ठी असते. करवतकाठी, टसर, विदर्भ. वाचायला सोपी, पाठ व्हायला सोपी. मी शाळेत शिकवत होते, तेव्हा चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडेही यायचं, त्यामुळे कमी जागेत काय काय सोडून द्यावं लागतं ते मला माहीत आहे. पण कोशाच्या चिठ्ठीतून जे गळतं ते फार मोठं आहे.

पहिली गोष्ट सोवळ्याची. भटजींच्या घरी पूजेला कोशाचं धोतर, मुकटा, चालतं. ते धुतलेल्या सुती धोतरापेक्षा पवित्र मानलं जातं. ज्यानं ती अळी राखली तो धिवर, जिनं उकळून वळलं ती धिवरीण, ज्यानं विणलं तो कोष्टी, यांपैकी कोणीही त्या देवघरात पाय ठेवू शकत नव्हतं. कापड सोवळं आणि हात ओवळे. आमच्या गावात हे कोणाला विचित्र वाटत असलेलं मी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट कोष्ट्यांच्या दाखल्याची. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ लिहिला, 1916 सालचा, त्यात कोष्ट्यांच्या पोटजातींत हलबी कोष्टी येतात, आणि ते मूळच्या हलबा जमातीतून फुटलेले दिसतात असं म्हटलं आहे. ह्या चार ओळींवर पुढे तीन पिढ्या कोर्टात गेल्या. हलबा अनुसूचित जमातीत आहेत, कोष्टी नाहीत. मग माग चालवणारा हलबा कोष्टी कोण? 28 नोव्हेंबर 2000 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की राष्ट्रपतींच्या यादीत जे लिहिलं आहे तेच धरायचं, त्यात 'हलबा कोष्टी' नाही, आणि कोर्टानं त्यापलीकडे उकरून बघायचं नाही. ज्यांचे प्रवेश आणि नेमणुका पक्क्या झाल्या होत्या त्यांना मात्र अभय दिलं. 2017 च्या निकालानं तेही आवळलं. मग डिसेंबर 2019 मध्ये राज्य सरकारनं दाखले अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना 'अधिसंख्य' पदांवर घेतलं. आयुष्यभर नोकरी केलेला माणूस एका सकाळी अधिसंख्य झाला. हा शब्द ज्यानं काढला त्याला भाषेचं ज्ञान चांगलं असावं.

आता देवरी-सालेकश्याच्या जंगलातल्या हलब्याला विचारा. तो म्हणेल, आमच्या पोरांच्या जागा नागपूरच्या विणकरांनी घेतल्या. त्याचंही खोटं नाही. पोरगा दहावीला पोचेपर्यंत त्याच्या गावात बस येत नव्हती, आणि शहरातला मुलगा त्याच जागेवर डॉक्टर झाला. दोघंही गरीब, दोघांच्याही हातात तेच चार ओळींचं पुस्तक. मला विचाराल तर यादीच्या बाजूनं उभं राहिलं पाहिजे, कारण यादी मोडली की सगळ्यात आधी जंगलातला माणूस चिरडतो. पण माग मोडला तेव्हा कोष्ट्याला दुसरा कुठलाच दरवाजा उघडा ठेवला गेला नाही, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

माग मोडला कधी? 1 जानेवारी 1877 ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी. गिरणीच्या कापडाचा मार सगळ्यात आधी जाड्याभरड्या कापडाला बसला. बारीक कापड विणणारे कोष्टी कसेबसे तगले. जाडंभरडं विणणारे होते महार.

महार हे विणकर होते, हे आज आमच्याच भागातल्या पोरांना सांगितलं तर ती तोंडाकडे बघतात. विदर्भात आणि छत्तीसगडच्या बाजूला गावचं जाड लुगडं, पासोडी, पंचा महाराच्या मागावर निघायचा. तो माग गेला. त्यांतले कितीतरी जण गिरण्यांकडे वळले, आणि मुंबईच्या गिरण्यांत काय झालं? अस्पृश्यांना विणाई खात्यात घेत नव्हते. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. पगार विणाई खात्यात जास्त. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्या जातीला विणायची बंदी, तीही यंत्राच्या युगात, ही गोष्ट कुठल्याही वस्त्र-दालनात पहिल्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

संग्रहालयांनी हे प्रश्न कधी अंगावर घेतलेच नाहीत असं नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय आहे. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींच्या हस्ते उघडलं, मगनलाल गांधींच्या नावानं. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर, कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या अंगणात. तिथं ठेवलेले चरखे हे जुन्या काळच्या गमती म्हणून ठेवलेले नव्हते, बघणाऱ्यानं गावी जाऊन तसंच करावं म्हणून होते. आणि खादीच्या चळवळीत त्या काळी मजुरीवरून खरा वाद झाला होता. कातणारणीला मिळणारे पैसे पोट भरण्याइतकेही नव्हते. गांधींचं म्हणणं आठ तासांना आठ आणे द्या. चरखा संघाला तेवढं झेपलं नाही, पण 1935 ला किमान मजुरीचं तत्त्व त्यांनी मानलं आणि खादी महाग झाली. गिऱ्हाईक कुरकुरलं. कापडाच्या किमतीत बाईच्या तासांची किंमत धरली, त्याची ही कुरकुर.

दुसरं नागपूरजवळचं चिचोलीचं शांतिवन. 1956 च्या धम्मदीक्षेच्या तयारीत ज्यांनी धावपळ केली त्या वामनराव गोडबोल्यांच्या खटपटीतून ते उभं राहिलं. तिथं बाबासाहेबांचे कपडे आहेत. कोट बघताना माणसं गप्प होतात. आमच्याबरोबर सहलीला आलेली एक मुलगी म्हणाली, "म्याडम, हे तर साधेच कपडे आहेत." साधेच आहेत. ज्यांच्या आज्यांनी गावकीचं उतरलेलं लुगडं नेसून जन्म काढला, त्यांना इस्त्रीचा कोट म्हणजे काय ते कोणी समजावून सांगावं लागत नाही.

कोशाला मात्र असं दालन अजून मिळालेलं नाही, आणि त्याची गरज शोभेपुरती नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाच्या यादीत टसर आणि कोश ही नावं शब्दशः घातली. म्हणजे कोश गोळा करायचा आणि विकायचा हक्क जंगलातल्या माणसाचा. पण महाराष्ट्रात धिवर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातीत नाही. म्हणून त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो, आणि 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, इथं राहत असल्याचं दाखवावं लागतं. झोपडी दरवर्षी पावसाळ्यापुरती घालणाऱ्या माणसानं 1930 चा कागद आणायचा कुठून? त्यात नागझिऱ्याच्या भोवती 2013 ला व्याघ्र प्रकल्प आला, आणि कुठल्या झाडावर अळी सोडायची ह्याची चर्चाही वनरक्षकाच्या मर्जीवर आली.

कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात गॅझेटियर, जुने नकाशे, रूढींचा अभ्यास आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हेही चालतं. म्हणजे एखाद्या संग्रहालयाच्या नोंदवहीत "कोश, अमुक गावच्या धिवराकडून, अमुक साल" एवढी ओळ कुणी लिहून ठेवली असती, तर आज ती ग्रामसभेत ठरावाला जोडता आली असती. ती लिहिली गेली नाही. म्हणून मी आजीकडे वही घेऊन बसले. सासरा कुठल्या नाल्यापाशी झोपडी घालायचा, कोणत्या सावकाराला कोश जायचे, शेकड्याला काय मिळायचं, दुष्काळात कोणत्या पहाडीवर येन उरला होता, सगळं तिनं दोन दुपारी सांगितलं. झाडांची जागा ती बोटानं जमिनीवर काढून दाखवायची. सात पानं झाली. शेवटी अंगठा घेताना तिनं विचारलं, "यात मांडीचं लिवलं का?" लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर.