असमान तह व मांडलिक संस्थाने (बेळगाव–निपाणी परिसर)

ईस्ट इंडिया कंपनीने एतद्देशीय सत्ताधीशांशी केलेले, शब्दांत मैत्रीचे पण परिणामात अधीनतेचे करार. त्यांचा साचा बहुधा असा असे: संरक्षणाची हमी कंपनीची, त्याचा बोजा संस्थानिकावर, परराज्यांशी परस्पर व्यवहार बंद, तंट्यांत कंपनीचा निवाडा बंधनकारक. फौज व वकिलात हातची गेली, की गादीचा वारस ठरवणेही कंपनीच्या मर्जीवर येई.

पूर्वपीठिका : वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) दुसऱ्या बाजीराव पेशव्याने तैनाती फौज स्वीकारून तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. १८१२ मध्ये पुण्याचा ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टन याने पंढरपूर येथे पेशवे व दक्षिणेतील जहागीरदार यांच्यात समझोता घडवला. जहागिरींना कंपनीची हमी मिळाली आणि धनी व सरदार यांच्यामध्ये कंपनी कायमची येऊन बसली.

चिकोडी–मनोळी : हे तालुके निपाणीकर देसाई सिद्धोजीराव निंबाळकर यांनी कोल्हापूरकरांकडून जिंकले होते. १८१२ च्या तहात कोल्हापूरने त्यांवरील हक्क सोडला, मालवण कंपनीस दिले आणि तिच्या संमतीशिवाय युद्ध न करण्याचे मान्य केले. पेशव्यांविरुद्धच्या युद्धात साथ दिल्याबद्दल तेच तालुके कोल्हापूरला परत मिळाले. १८२७ च्या तहाने ते पुन्हा काढून घेतले गेले. बक्षीस व शिक्षा यांसाठी एकच भूमी वापरली गेली. तेथील रयतेला मात्र कोणी विचारले नाही.

वारसाहक्क : १८१८ मध्ये बेळगावच्या किल्ल्याच्या वेढ्यात कित्तूरकरांनी कंपनीस मदत केली होती. तरीही सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचा देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारताच धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक मान्य केला नाही. २३ ऑक्टोबरला कित्तूरकरांशी झालेल्या लढाईत थॅकरे मारला गेला. डिसेंबरात कित्तूर पडले आणि राणी चन्नम्मा बैलहोंगल येथे कैदेत गेल्या. १८३९ मध्ये सिद्धोजीरावांच्या मृत्यूनंतर निपाणीची जहागीर खालसा झाली. १८४१ मध्ये तेथील गढीत अरब शिपायांनी केलेला उठाव मोडण्यात आला. नरगुंदचे बाबासाहेब भावे यांचा दत्तक नाकारला गेल्यावर त्यांनी मे १८५८ मध्ये उठाव केला. पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. भावे यांना १२ जून १८५८ रोजी बेळगाव येथे फाशी देण्यात आली.

मूल्यमापन : संस्थाने खालसा करण्याचे धोरण गव्हर्नर जनरल डलहौसीच्या नावाने ओळखले जाते, पण त्याने १८४८ मध्ये सातारा घेण्यापूर्वी कित्तूर व निपाणी याच वाटेने गेली होती. कंपनीशी लढलेला आणि तिला साथ दिलेला, दोघेही त्यातून सुटले नाहीत. १८५८ नंतर दत्तकास मान्यता देण्याचे धोरण आले आणि सांगलीसारखी संस्थाने टिकली. बेळगावलगतचे शहापूर १९४८ पर्यंत सांगलीकडेच होते. मात्र या संस्थानांचे परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण अखेरपर्यंत ब्रिटिशांच्याच हाती राहिले. तहाने दिलेली सुरक्षितता स्वातंत्र्याच्या मोबदल्यातच मिळाली होती.