भिंत नसलेला तुरुंग

सन १९४०. आटपाडीबाहेरच्या माळावर तुम्हाला गाडीतून उतरवतात, बेड्या काढतात. खुनाच्या शिक्षेची बरीच वर्षं अजून उरलीत. सवयीनं तुमची नजर तट शोधते. तट नाही, बुरूज नाही, बंदूकवाला शिपाई नाही. माणदेशाचं ऊन, कुसळं आणि दूर एखादी बाभळ. पळायचं म्हटलं तर अडवणारं काहीच नाही.

विचारतात ते एवढंच : औत धरता येतं का? मोट हाकली आहे का?

हे गाव स्वतंत्रपूर. ७२ गावांच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नुकताच, गांधीजींच्या सल्ल्यानं, राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवलाय. त्यांचे सुपुत्र आप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन त्यात पुढे आहेत. रयतेवर विश्वास टाकायचा तर कैद्याला का वगळायचं? म्हणून १९३९ साली ही खुली वसाहत उभी राहिली.

तुम्ही रान नांगरता, बांध घालता. मग एक दिवस बायको पोरांना घेऊन येते, तुमच्याबरोबर राहायला. त्या रात्री तुम्हाला कळतं, इथं पहारा कुणाचा आहे ते. पळालात तर पेरलेलं रान जाईल, चूल जाईल, आणि पोरांच्या तोंडाकडे पुन्हा बघता येणार नाही. बंद बराकीत तुमच्याकडे गमवायला काही उरलं नव्हतं. इथं आहे.

आता १९५७. तुम्ही अंधाऱ्या थिएटरात बसला आहात. पडद्यावर व्ही. शांताराम सहा कैद्यांना घेऊन उजाड माळ फुलवतायत. 'दो आँखें बारह हाथ'ची कथा माडगूळकरांची, ग. दि. मांची. स्वतंत्रपूर त्यांच्याच माणदेशातलं, आणि त्याच्यावरूनच ही कथा सुचलेली. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये या चित्रपटाचा सन्मान होईल.

आणि आज? औंध संस्थान १९४८ सालीच विलीन झालं, वसाहत मात्र टिकली. कारागृह विभाग बंद तुरुंगांतून चांगल्या वर्तणुकीचे, लांब शिक्षेचे कैदी निवडून इथं धाडतो. ते शेती करतात, शिक्षेत माफी मिळवतात, बायकामुलांसह राहतात. जागा मात्र जेमतेम २८ कैद्यांची. तिकडे राज्यातल्या मोठ्या तुरुंगांत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबलेली आहेत.

शिक्षा संपली की यातला जवळजवळ प्रत्येक माणूस आपल्याच गावात, आपल्याच आळीत परतणार आहे. तो कसा परतावा, हे आपण आत असतानाच ठरवत असतो. घर सांभाळायची सवय मोडून परत पाठवलेला माणूस गावाला जड जातो. ती सवय जपून आलेला माणूस कामाला लागतो. एका छोट्या संस्थानानं पारतंत्र्यात जे करून दाखवलं, ते स्वतंत्र महाराष्ट्रानं एका माळापुरतं ठेवू नये. जिल्ह्याजिल्ह्यात एकेक स्वतंत्रपूर व्हायला हवं.