नाईलकांठचीं देवळें

इजिप्तमध्यें नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वारा मात्र बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. त्यामुळें प्राचीन काळीं शीड उभारलें कीं नावाड्याला प्रवाहाविरुद्ध जातां येई, आणि शीड उतरविलें कीं प्रवाहाबरोबर परत येतां येई. त्या देशाच्या चित्रलिपींत दक्षिणेस जाण्याची खूण म्हणून शीड उभारलेली नाव काढीत, आणि उत्तरेस जाण्याची खूण म्हणून शीड नसलेली. निसर्गाच्या या सोयीनें नदी हाच तेथील राजमार्ग झाला, आणि थोर थोर देवालयें याच राजमार्गाच्या कांठीं उभीं राहिलीं.

लक्सर ते आस्वान हा सुमारें २०० किलोमीटरांचा जलप्रवास करणाऱ्याला आज हीं देवळें ओळीनें पाहावयास मिळतात. सकाळीं बोट धक्क्याला लागावी, ऊन चढण्यापूर्वीं देऊळ पाहून घ्यावें आणि दुपारच्या भोजनास पुन्हां बोटीवर यावें, असा या सहलींचा परिपाठ आहे. टॉमस कुक यानें १८६९ सालीं इंग्रज प्रवाशांची पहिली तुकडी नाईलवर नेली, तेव्हांपासून या सहलींना व्यापाराचें रूप आलें. परंतु तेथील पाहुण्यांची परंपरा याहून फार जुनी आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभीं इजिप्तच्या राजाच्या पदरीं असलेले ग्रीक शिपाई मोहिमेवर दक्षिणेस गेले, तेव्हां त्यांनीं अबु सिंबेल येथील रामसेस राजाच्या प्रचंड पुतळ्याच्या पायावर आपलीं नांवें कोरून ठेवलीं. तीं अक्षरें अजून वाचतां येतात. त्या शिपायांच्या वेळींहि तें देऊळ सुमारें साडेसहाशें वर्षांचें जुनें होतें!

आजच्या प्रवाशाला सहजच वाटतें, कीं हीं देवळें जशीं बांधलीं तशींच आजवर उभीं आहेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. यांतील कित्येक देवळें एकदां दृष्टीआड होऊन पुन्हां प्रकट झालेलीं आहेत.

इदफू येथील होरस देवाचें देऊळ घ्या. ससाण्याच्या रूपानें पूजिल्या जाणाऱ्या या देवाच्या मंदिराचा पाया इ. स. पूर्व २३७ मध्यें तिसऱ्या टॉलेमीच्या कारकीर्दींत घातला गेला, आणि काम पुरें झालें तें इ. स. पूर्व ५७ मध्यें. म्हणजे बांधकाम १८० वर्षें चाललें. पुढें जुना धर्म लोपला, पूजा थांबली, आणि वाळू व गांवचा केरकचरा यांनीं मंदिर जवळजवळ छतापर्यंत भरून गेलें. गांवकऱ्यांनीं त्या छतावरच घरें बांधलीं. १८६० च्या सुमारास ओग्यूस्त मारिएत या फ्रेंच संशोधकानें तें मोकळें करण्यास आरंभ केला, तेव्हां आंतील भिंती, खांब आणि छत बहुतांशीं अभंग निघाले. ज्या वाळूनें देऊळ लपविलें, तिनेंच तें राखलें. एस्ना येथें तर ख्नूम देवाच्या मंदिराचा मंडप आजहि गांवाच्या रस्त्यांपेक्षां सुमारें नऊ मीटर खालीं आहे. विहिरींत उतरावें तसें दर्शनार्थ्याला तेथें उतरावें लागतें.

कोम ओम्बो येथें देऊळ एक, पण देव दोन. एका गाभाऱ्यांत मगरमुखी सोबेक, दुसऱ्यांत ससाणमुखी हारोएरिस, आणि दोघांचीं द्वारें, मार्ग व मंडप शेजारीं शेजारीं. नाईलच्या पुराची उंची मोजण्याची विहीरहि तेथें आहे. पूर किती चढला यावरून त्या वर्षींच्या पिकाचा आणि साऱ्याचा अंदाज बांधीत. नदीचें माप घेणाऱ्या या देवळाचा कांहीं भाग पुढें नदीनेंच गिळला.

वाळूनें राखलें आणि नदीनें कुरतडलें; परंतु सर्वांत मोठें संकट माणसाच्या हातून आलें. आस्वानजवळच्या फिली बेटावरील इसिस देवीचें देऊळ जुन्या धर्माचा शेवटचा आश्रय होतें. चित्रलिपींतील ज्ञात असलेला शेवटचा दिनांकित लेख तेथलाच, इ. स. ३९४ मधला. सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहाच्या आज्ञेनें तें बंद झालें. १९०२ सालीं आस्वानचें पहिलें धरण पुरें झालें आणि जलाशय भरला कीं बेटावर पाणी चढूं लागलें. धरणाची उंची पुढें दोनदां वाढविली. मग देऊळ वर्षांतील बहुतेक काळ पाण्यांत राही, आणि प्रवासी होडींत बसून खांबांच्या माथ्यांमधून फिरत.

१९६० मध्यें आस्वानच्या मोठ्या धरणाचें काम सुरू झालें. त्याच वर्षीं युनेस्कोनें नूबियांतील प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं जगाला हांक दिली, आणि अनेक राष्ट्रें धांवून आलीं. भारतांतूनहि ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखालीं पथक गेलें आणि पाण्याखालीं जाणाऱ्या त्या भूमींत त्यानें उत्खनन केलें. अबु सिंबेलचीं दोन्ही देवळें १९६४ ते १९६८ या काळांत कापून, हजारांहून अधिक शिळांना क्रमांक घालून, ६५ मीटर वर आणि सुमारें २०० मीटर मागें पुन्हां जुळविण्यांत आलीं. फिलीचें देऊळहि १९७२ ते १९८० या काळांत जवळच्या अगिलकिया बेटावर हलविलें गेलें. मानवी कौशल्याचा हा विजयच होय, यांत संशय नाहीं.

मात्र त्या पाण्याखालीं केवळ देवळेंच जाणार नव्हतीं. नदीच्या दोहों तीरांवर नूबी लोकांचीं गांवें होतीं, खजुरीचे बाग होते, पूर्वजांच्या कबरी होत्या. पहिल्या धरणाच्या पाण्यामुळें त्यांना एकदां, आणि त्याची उंची वाढली तेव्हां पुन्हां दोनदां घरें सोडून वर सरकावें लागलें होतें. परंतु तेव्हां निदान नदी शेजारीं राहिली होती. या वेळीं मात्र इजिप्तमधील सुमारें ५०,००० नूबी लोकांना १९६३-६४ मध्यें कोम ओम्बोच्या परिसरांत, नदीपासून दूर, सरकारनें बांधलेल्या सारख्या घरांच्या रांगांत नेऊन वसविण्यांत आलें. त्यांनीं नव्या वस्त्यांना आपल्या बुडालेल्या गांवांचींच नांवें ठेवलीं. एवढेंच त्यांना बरोबर आणतां आलें.

आस्वानहून अबु सिंबेलला जाणारा प्रवासी आज पहांटेपूर्वीं निघतो, वाळवंटांतून तीन-चार तास जातो, दोन तास देऊळ पाहतो आणि दुपारीं परततो. वर्षांतून दोनदां, फेब्रुवारी व ऑक्टोबर महिन्यांच्या २२ तारखेस, उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यांतील मूर्तींपर्यंत पोंचतात. देऊळ हलविण्यापूर्वीं हा योग एक दिवस आधीं येत असे. सूर्याचा सुद्धां हिशेब ठेवून देऊळ मांडणाऱ्यांचें कौतुक करीत तो परततो. त्याच्या एका हाताला पसरलेल्या सरोवराखालीं कोणाचीं घरें होतीं, हें त्याला बहुधा कोणी सांगत नाहीं. आणि कोम ओम्बोच्या धक्क्यावर उतरल्यावर तीं माणसें थोड्याच अंतरावर राहतात, हेंहि नाहीं.

शिळांना क्रमांक घातले, म्हणून त्या पुन्हां जुळल्या. गांवाचें तसें नसतें. नदीकांठची वाट, खजुरीची सावली आणि शेजारची कबर यांना क्रमांक घालतां येत नाहीं. म्हणून नाईलकांठचीं देवळें पाहणाऱ्यानें भिंतींवरील राजांच्या नांवांबरोबर नव्या वस्त्यांच्या पाट्यांवरील गांवांचीं नांवेंहि वाचावीं. त्या नदीचा इतिहास या दोन्हींमिळूनच पुरा होतो.